खुर्ची राखून ठेवा, येतोच!

२०१९ च्या जुलैअखेर धोनीने वेस्ट इंडीजचा दौरा सोडला आणि प्रादेशिक सेनेच्या बटालियनबरोबर काश्मीरमध्ये पंधरवडाभर ड्यूटी केली. मानद का होईना, लेफ्टनंट कर्नल आहे तो. सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळला... हेच परभणीच्या एखाद्या कारकुनाने केलं तर? परत आल्यावर त्याची खुर्ची जागेवर असेल का?

प्रादेशिक सेना म्हणजे आपली टेरिटोरियल आर्मी. ही पूर्णवेळ नोकरी नव्हे. उलट हाताला आधीच कामधंदा असणं हीच तिची अट. वर्षाकाठी साधारण दोन महिने ट्रेनिंग, एरवी आपलं काम, आणि देशाला गरज पडली की बोलावणं. १९६२, १९६५, १९७१... तिन्ही वेळा ते आलं.

या सेनेचा कायदा सप्टेंबर १९४८ चा. महिना बघा! याच महिन्यात, १३ ते १७ तारखेला, हैदराबादची 'पोलीस ॲक्शन' झाली. म्हणजे दिल्लीत नागरिक-सैनिकाचा कायदा होत होता, तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पुढे ९ ऑक्टोबर १९४९ ला राजाजींनी सेनेचं उद्घाटन केलं, तोवर परभणीत नवा कारभार सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

आता मुद्द्याचं कलम, ७-अ. कायद्याने लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस परतला की मालकाने त्याला कामावर परत घ्यायचं; आणि तेही खंड पडलाच नसता तर ज्या अटींवर तो असता, त्याहून कमी नाही अशा अटींवर. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९४६ मध्ये अशाच एका कायद्याबद्दल सरकत्या जिन्याची उपमा दिली होती. तुम्ही युद्धावर गेलात तरी जिना वर सरकतच असतो. परतल्यावर उतरलात त्या पायरीवर नाही, एव्हाना जिथे पोचला असतात त्या पायरीवर पाय ठेवायचा. भारी कल्पना आहे!

आपल्या कायद्याने पळवाटही हेरली आहे. बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर मालकाने माणसाला काढलं, तर जबाबदारी टाळण्यासाठीच काढलं असं धरलं जातं. तसं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं.

पण मग दात? मालक 'जमत नाही' म्हणाला तर प्रकरण नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. तो मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो, किंवा जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई द्यायला लावू शकतो. तोही आदेश मोडला तर दंड... एक हजार रुपयांपर्यंत. मॉलमध्ये पॉपकॉर्नसकट सिनेमा बघा, तेवढेच होतात :)

सरकारी नोकरांचं त्यातल्या त्यात बरं. परभणी जंक्शनवरून धडधडत जाणाऱ्या रेल्वेचंच घ्या. रेल्वेने प्रादेशिक सेनेची स्वतःची युनिट्स उभारली होती आणि १९७४ च्या संपात गाड्या चालवायला त्यांना बोलावलं होतं. तिथे मालकही सरकार, हुकूमही सरकारचा. खुर्ची जाणार कुठे?

पण मोंढ्यातल्या आडत दुकानाच्या मुनिमाचं काय? त्याच्याकडे अपॉइंटमेंट लेटर नसतं, पगार रोख. 'शेवटचा पगार' किती होता हे तो कशाच्या जोरावर सांगणार? आणि शेतकरी? त्याला नोकरीवरून कुणी काढत नाही, पण परत घेणाराही कुणी नाही. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला आणि तो सीमेवर असला, तर सोयाबीन त्याच्यासाठी थांबत नाही. कलम ७-अ मालकाला उद्देशून आहे. पावसाला नोटीस कोण बजावणार?

हे जुनं दप्तर आत्ता का उघडलं? कारण ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले, आणि ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करायला मंजुरी दिली. ते जवान कुठल्या ना कुठल्या कामावरून उठूनच जाणार.

त्या दिवसांत आपण सगळ्यांनी फेसबुकवर तिरंगे लावले. छानच. पण उद्या शेजारच्या डेस्कवरचा वर्षभरासाठी सीमेवर गेला आणि मॅनेजरने विचारलं, "त्याच्या जागी कायमचा माणूस घेऊया का?" तर आपण काय म्हणणार? माझ्या मते देशप्रेमाची खरी परीक्षा तिथे आहे.

असो. चहा गार झाला.