हलगी न तापवता

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या व्हीएसटी तंत्राची दुसरी आवृत्ती आणली. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत मुद्रित आवाजावर फक्त संस्कार करता येत. दुसरीपासून संगणकातच वाद्य बसू लागले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आमच्या भागात आज भक्तिगीत किंवा जयंतीचे गाणे घरातल्या खोलीत तयार होते, ते या दुसऱ्या घटनेमुळे.

या वाद्यांची भाषा त्याहून जुनी, १९८३ ची 'मिडी'. कळ दाबली की संगणकाकडे सूर जात नाही. कोणती कळ आणि किती जोराने, एवढे आकडे जातात. जोर मोजायचा तो १ ते १२७ मध्ये. आवाज मात्र कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेला असतो.

हलगीपाशी हा हिशेब अडतो. वाजवण्यापूर्वी हलगी जाळावर धरून तापवतात. कातडे ताणते, आवाज कडक होतो. मिरवणूक लांबली, हवा दमट झाली की ती पुन्हा शेकावी लागते. संगणकातली हलगी एकाच तापमानाची. तासभर वाजवा, उतरत नाही. सोय म्हणून हे उत्तम, पण उतरणे आणि पुन्हा चढणे हाही त्या वादनाचाच भाग होता.

यंत्राने आलेल्या सुरांवर आपल्याकडे पूर्वीही वाद झाले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती थेट १९७१ मध्ये सैल झाली. तेवढ्या काळात पेटी कीर्तनातून हलली नाही! त्यामुळे प्लगइनला नाके मुरडणे मला पटत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

हलगी ही मराठवाड्यात प्रामुख्याने मातंग समाजाच्या हातची. वाद्याला मान कमी, वादकाला त्याहून कमी. आता तोच आवाज कोणीही कळ दाबून वापरतो, ही एका परीने बंधनातून सुटकाच. मात्र ज्याच्या हाताचा तो ठोका, त्याचे नाव गाण्यासोबत येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून कलावंताचे हक्क ठसठशीत झाले, १९९९ च्या दुरुस्तीने त्यांची मुदत २५ वर्षांवरून ५० वर्षांवर नेली, तर २०१२ मध्ये कलावंत म्हणून ओळखले जाण्याचा हक्कही आला. मुद्रित ठोक्यांचे संच मात्र बहुधा एकरकमी विकले जातात. गाण्याखाली गायक, गीतकार, संगीतकार, ध्वनिमुद्रक अशी नावे छापताना हलगीवाल्यासाठी ओळच ठेवलेली नसते.