जुन्या जीपची पुढची थरथर: बिघाड कुठे आहे हे कसे शोधतात?

पुढच्या दोन चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल, त्याला पाट्यांचे स्प्रिंग आणि लागेल तेव्हा पुढच्या चाकांनाही ताकद पोचवणारा ट्रान्स्फर केस, अशी जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची रचना असते. भारतात ती लोकांना ठाऊक झाली जीपमुळे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आणि नंतर एमएम-५४० यांसारख्या गाड्या आल्या. त्यांतल्या कित्येक आजही शेतावर, घाटवाटांवर आणि हौशी मालकांकडे चालू आहेत. या मालकांची एक तक्रार कायमची असते: ठरावीक वेगाला गाडीचा पुढचा भाग थरथरतो आणि स्टिअरिंग हातात नाचते.

या थरथरीचे कारण चाकाच्या डिस्कमध्ये आतून चिकटलेला चिखल असू शकते किंवा निखळायच्या बेतात आलेला टाय रॉडचा सांधा. पहिले कारण पाण्याच्या पाइपने धुऊन जाते, दुसऱ्यामुळे घाटात चाके स्टिअरिंगचे ऐकेनाशी होतात. हातात येणारी थरथर मात्र दोन्ही वेळा बरीचशी सारखीच वाटू शकते. म्हणून अंदाजाने सुटे भाग बदलत जाण्याआधी तपासाचा क्रम ठरवावा लागतो.

थरथर कधी येते?

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून काही गोष्टी टिपून ठेवाव्यात. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते? वेग वाढवल्यावर ती जाते की वाढते? ती हातात जाणवते की सीटखाली? फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? फक्त फोर-व्हील लावल्यावर येते का? ठरावीक वेगाला क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला आणि थरथर तिथेच थांबली, तर संशय इंजिन, त्याचे माउंटिंग किंवा क्लचकडे वळतो. ती तशीच राहिली, तर दोष चाकांसोबत फिरणाऱ्या भागांत आहे. ही चाचणी सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करावी. उतारावर गाडी न्यूट्रल करणे धोक्याचे असते.

थरथर किती जलद आहे, यावरूनही बरेच कळते. ६.००-१६ मापाच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे ७ वेळा फिरते. सीजे-३बीच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ५.३८ आहे, म्हणजे त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४० फेरे घेतो. त्यामुळे टायर किंवा डिस्कचा दोष मोजता येईल अशा ठोक्यांसारखा जाणवतो. शाफ्टचा दोष मात्र गुणगुणल्यासारखा, पायाखालच्या पत्र्यात भिनतो. हा फरक एकदा अंगवळणी पडला की अर्धा तपास चालत्या गाडीतच होतो.

आधी टायर आणि डिस्क

सगळ्यात स्वस्त तपासणी इथली, आणि दोषही इथेच जास्त सापडतो. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहावे. थरथर हातातून सीटखाली गेली, तर दोष टायर किंवा डिस्कचा आहे हे नक्की. त्यानंतर चाक जॅकवर उचलून, रिमच्या कडेजवळ एक काडी स्थिर धरून चाक हाताने फिरवावे. डिस्क वाकडी असेल तर काडी आणि कड यांमधले अंतर कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. अशा डिस्कवर कितीही वजने ठोकून बॅलन्सिंग केले तरी थरथर पूर्ण जात नाही.

जीप वर्षानुवर्षे कमी चालते, त्यामुळे नक्षी शाबूत असलेला टायरही म्हातारा असू शकतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या कोडचे शेवटचे चार अंक पाहावेत: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. अनेक महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. काही किलोमीटर चालल्यावर टायर गरम होऊन थरथर कमी झाली, तर कारण बहुधा हेच असते. टायरवर कुठे फुगवटा दिसला, तर मात्र तो टायर वापरूच नये.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर ड्रमचा गोलाकार बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. ड्रमची जाडी मर्यादेत असेल तर लेथवर टर्निंग करून तो पुन्हा गोल करता येतो.

वॉबलिंग

गॅरेजमध्ये ज्याला वॉबलिंग म्हणतात, तो प्रकार साध्या थरथरीहून वेगळा आणि भीतिदायक असतो. ताशी ५०-६० च्या वेगाला एका चाकाखाली खड्डा येतो आणि दोन्ही पुढची चाके एकदम डावी-उजवी फडफडू लागतात. स्टिअरिंग हातातून हिसकले जाते, आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत हे सुटत नाही. अखंड अ‍ॅक्सलवर दोन्ही चाके टाय रॉडने एकमेकांशी बांधलेली असतात. एक वळले की दुसरे वळते. सांध्यांत ढिलाई असेल तर चाक मधल्या जागेवरून जरा पुढे जाते, रस्ता त्याला परत ढकलतो, ते पलीकडे जाते, आणि गाडीची पुढे जाण्याची गतीच या हेलकाव्याला बळ देत राहते. अशा वेळी ब्रेकवर उभे राहू नये. स्टिअरिंग घट्ट धरावे, अंगठे त्याच्या आऱ्यांमध्ये अडकू देऊ नयेत, अ‍ॅक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे नवा स्टिअरिंग डँपर बसवणे. वॉबलिंग लगेच थांबते, मालक खूश होतो, आणि सांध्याची झीज मात्र आत चालूच राहते. डँपर आडव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसारखा असतो. तो धक्के शोषतो, ढिलाई दूर करत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी तो काढून ठेवणेच बरे.

ढिलाई शोधण्यासाठी दोन माणसे लागतात. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने खाली पाहत एकेका सांध्यावर हात ठेवावा: ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोके, स्टिअरिंग बॉक्सचा आर्म, आणि सीजे-३बीसारख्या गाडीत मधला बेलक्रँकही. दोन भागांपैकी एक हलतो आणि दुसरा जरा उशिरा हलतो, तो सांधा गेलेला. स्वतः बॉक्सच चेसिसवर हलत नाही ना, हेही पाहावे. बोल्टच्या भोकांजवळ चेसिसला तडा गेलेला जुन्या गाड्यांत आढळतो.

मग चाक जॅकवर उचलून, चेसिसला स्टँडचा आधार देऊन, ते वर-खाली धरून हलवावे. प्ले जाणवला तर जोडीदाराला ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबताच प्ले गेला तर व्हील बेअरिंग ढिले आहे. तसाच राहिला तर दोष किंगपिनचा. अनेक जुन्या जीपमध्ये किंगपिनच्या बेअरिंगचा ताण पातळ शिमनी ठरवलेला असतो. त्यामुळे तिथे नेहमी नवे भाग लागतातच असे नाही. बेअरिंग चांगले असेल तर एखादी शिम कमी करूनही काम होते.

याच टप्प्यावर पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश बघून घ्यावेत. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल लावलेले असतील, तर किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, बिघडलेला असू शकतो. ज्या जीपमध्ये शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात, त्यांत शॅकल लांब केल्यावर कॅस्टर कमी होतो आणि चाक स्वतःहून सरळ येण्याची ताकद घटते. नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये अशा अ‍ॅक्सलचा फक्त टो-इन बदलता येतो. कॅस्टरसाठी पाटा आणि अ‍ॅक्सल यांमध्ये उतरती पाचर घालावी लागते, आणि त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते: कॅस्टर वाढवला की डिफरन्शियलचे तोंड खाली झुकते आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो.

फक्त फोर-व्हीलमध्ये

पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब असतील तर शाफ्टची परीक्षा सोपी आहे. हब मोकळे ठेवून टू-व्हीलमध्ये चालवल्यास पुढचा शाफ्ट फिरतच नाही. तरी थरथर राहिली तर शाफ्ट निर्दोष. हब लावल्यावर ती सुरू झाली तर दोष शाफ्ट, यूजे क्रॉस, डिफरन्शियल किंवा आतल्या अ‍ॅक्सल शाफ्टमध्ये आहे. हब नसतील तर पुढचा शाफ्ट पूर्ण उतरवून टू-व्हीलमध्ये फेरी मारता येते.

झिजलेला क्रॉस हाताने पिळून कळतो. त्याहून फसवी चूक मात्र ग्रीसिंग करताना होते: शाफ्टचे दोन भाग सुटे केले जातात आणि परत बसवताना एखाद्या खाचेने फिरतात. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात, कारण कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा शाफ्टला वेगवान आणि मंद करतो, आणि दुसरा क्रॉस तो फरक उलट दिशेने भरून काढतो. रेष चुकली की फरक भरून निघायच्या ऐवजी वाढतो. बऱ्याच शाफ्टवर यासाठी बाणाच्या खुणा असतात. नसतील तर उघडण्यापूर्वी स्वतः खूण करावी.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळताना गाडी अडखळते, टायर कचकन सरकतात, याला मात्र बिघाड समजू नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सामावणारे डिफरन्शियल नसते, आणि वळणावर पुढची चाके जास्त अंतर कापतात. माती किंवा चिखलात चाके घसरून हा ताण निघून जातो, कोरड्या रस्त्यावर तो शाफ्टमध्ये साठतो. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे किंवा झिजेचे टायर असतील तर तो सरळ रस्त्यावरही साठतो.

दुरुस्तीनंतर टाय रॉडच्या नटांना नव्या कॉटर पिन घालाव्यात, आणि पाटे उघडले असतील तर शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. तपासणीत टाय रॉडचे टोक हाताने उचलल्यावर वाटीतून वर येत असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये. टो करून न्यावी.