वाचनालयात न येणारा वाचक

वाचनालयात कोण येतो, याची नोंद वहीत असते. कोण येत नाही आणि का, हे समाजशास्त्र विचारते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले. पण शाळा सुटली, की शिकलेली अक्षरं पुसली जायची! म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना आणविले. मग दूरच्या खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या, स्त्रियांसाठी वेगळी सोय झाली, निरक्षरांना पडद्यावर चित्रे दाखविली गेली. ज्याची जशी अडचण, तशी त्याची व्यवस्था. तेव्हा गुरुजी, आपल्या वाचनालयाची पायरी कोण चढत नाही, ते आधी पाहा. नव्या पुस्तकांची यादी मग करा.