पात्राची फेरमांडणी

क्रियाप्रधान भूमिकाखेळांत खेळाडूने आपल्या पात्राचे गुणांक, कौशल्ये व आयुधे यांची एकदा लावलेली व्यवस्था मोडून ती नव्याने लावण्याची जी तरतूद नियमांत केलेली असते, तिला फेरमांडणी असे म्हणता येईल. खेळाडू त्या व्यवस्थेला ‘बिल्ड’ आणि तिच्यातील बदलाला ‘रिस्पेक’ म्हणतात. वरवर पाहणाऱ्यास ही तरतूद एक किरकोळ सवलत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळप्रकाराचे प्रधान आकर्षण शेकडो कौशल्यांच्या संयोगांतून लढण्याची स्वतःची रीत शोधून काढणे हेच आहे, त्यात फसलेल्या प्रयोगाचा भार खेळाडूला किती सोसावा लागतो यावरच तो स्वतः शोध घेईल की दुसऱ्याने आखलेली मांडणी उतरवून घेईल, हे बहुतांशी ठरत असते.

खर्चाची अंगे : प्रयोगाचा खर्च म्हणजे फेरमांडणीसाठी खेळातील नाण्यांत भरावे लागणारे शुल्क, अशी समजूत पुष्कळदा आढळते, वस्तुतः ते त्या खर्चाचे सर्वांत उघड, पण क्वचितच सर्वांत मोठे अंग होय. दुसरे अंग आयुधांचे : अग्निविद्येवर आधारलेली मांडणी सोडून शीतविद्येकडे वळणाऱ्यास कौशल्यांत घातलेले पॉइंट परत मिळाले, तरी अग्नीचा प्रभाव वाढविणारी त्याची शस्त्रे व अलंकार निरुपयोगी ठरतात, आणि नवी सामग्री जमविण्यास मोठा कालावधी जातो. तिसरे अंग वेळेचे : जेथे फेरमांडणीची मुभाच नाही, तेथे नवा प्रयोग करावयाचा तर नवे पात्र पहिल्या लेव्हलपासून वाढवीत आणावे लागते. चौथे आणि सर्वांत सूक्ष्म अंग ज्ञानाचे. एखाद्या कौशल्यात एकदोन पॉइंट घालून पाहिल्याने त्याची योग्यता कळत नाही. भरपूर पॉइंट, पूरक कौशल्ये आणि अनुरूप आयुधे मिळाल्यानंतरच ते कसाला लागते. म्हणजे योग्य निवड करण्यास जे ज्ञान अवश्य आहे, ते निवड करून चुकल्यानंतरच हाती येते.

पूर्वपीठिका : या खेळांचा एक मूळ स्रोत असलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या बैठ्या भूमिकाखेळात पात्राचे निर्णय सामान्यतः कायम समजले जात, तथापि तेथे खेळ चालविणारा सूत्रधार माणूस असल्यामुळे चुकलेल्या निवडीस तो आपल्या अखत्यारीत माफी देऊ शकत असे, आणि २००६ मध्ये त्याच्या एका पूरक ग्रंथात पुनःप्रशिक्षणाचे रीतसर नियमही देण्यात आले. संगणकीय खेळात असा माणूस नसतो. नियमांत जी सवलत लिहिलेली नाही, ती मिळण्याचा मार्गच तेथे खुंटतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे ब्लिझर्ड कंपनीचा, जून २००० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डायब्लो २’. त्यातील प्रत्येक वर्गास तीन शाखांत विभागलेली ३० कौशल्ये होती, प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट मिळे, सर्वोच्च कौशल्ये तिसाव्या लेव्हलला खुली होत, आणि एकदा घातलेला पॉइंट परत घेण्याची कोणतीही सोय नव्हती. परिणामी जाणते खेळाडू आरंभीचे पॉइंट न वापरता शिलकीत ठेवीत आणि तिसाव्या लेव्हलपर्यंतचा प्रवास दुबळ्या पात्रानिशी करीत. म्हणजे निवडीला गांभीर्य यावे म्हणून ठेवलेल्या नियमाने प्रत्यक्षात निवड करण्याचेच टाळण्याची सवय लावली. पुढे ऑक्टोबर २००३ च्या १.१० या आवृत्तीने खालच्या कौशल्यांतील पॉइंटांमुळे वरच्या कौशल्यांना बळ मिळण्याची नवी पद्धत आणली, तेव्हा जुन्या नियमांना धरून घडविलेल्या अनेक पात्रांची मांडणी, मालकाचा काही कसूर नसताना, कालबाह्य झाली. खेळाचे नियम प्रसिद्धीनंतरही बदलत राहणार असतील, तर फेरमांडणी ही केवळ सौजन्याची बाब राहत नाही, ती न्यायाची बाब होते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. तरीही प्रत्यक्ष तरतूद होण्यास मार्च २०१० मधील १.१३ ही आवृत्ती यावी लागली. तिच्यानुसार काठिण्याच्या प्रत्येक पायरीवर पहिले कार्य पार पाडल्यावर अकारा हे खेळातील साहाय्यक पात्र एकदा सर्व पॉइंट परत देते. त्यानंतर हवे असल्यास सर्वांत कठीण पायरीवरील बलाढ्य शत्रूंकडून मिळणारी चार सत्त्वे एकत्र करून फेरमांडणीचे साधन घडवावे लागते.

शुल्काच्या पद्धती : पहिली पद्धत नाण्यांत शुल्क घेण्याची. ‘टायटन क्वेस्ट’ (२००६) मध्ये नाणी भरून कौशल्यांतील पॉइंट एकेक करून परत घेता येत, परंतु निवडलेली विद्याशाखा मूळ खेळात कायम राही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) हा काटेकोर अर्थाने क्रियाप्रधान भूमिकाखेळ नव्हे. पण पहिल्या बदलास एक सुवर्णनाणे, पुढे चढत जाऊन पन्नास, आणि बदल न केल्यास दरमहा दरात उतार, असा जो चढउताराचा शिरस्ता त्याने घालून दिला, तो या विषयाच्या इतिहासात उल्लेखनीय आहे. त्यात वारंवार बदल करणाऱ्यास भार पडे आणि क्वचित चुकणाऱ्यास अल्पात सुटका मिळे. याउलट ‘डायब्लो ४’ (२०२३) मध्ये प्रत्येक पॉइंटाचे शुल्क पात्राच्या लेव्हलनुसार वाढत गेले. मांडणीच्या अंतिम रूपाविषयी खरे प्रयोग वरच्या लेव्हललाच होतात. तेव्हा जेथे प्रयोगाची गरज अधिक, तेथेच तो महाग, असा विपरीत परिणाम या दरपत्रकाने घडला.

दुसरी पद्धत दुर्मिळ वस्तू खर्ची घालण्याची. न्यूझीलंडमधील ग्राइंडिंग गिअर गेम्स या कंपनीच्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ (२०१३) या खेळात निष्क्रिय कौशल्यांचा तेराशेहून अधिक स्थानांचा एक अवाढव्य वृक्ष आहे. कथेतील कार्यांबद्दल सुमारे वीस पॉइंट परत घेण्याचा हक्क मिळतो. त्यापलीकडे ‘ऑर्ब ऑफ रिग्रेट’ नावाचा एक गोल खर्चून एक पॉइंट मोकळा करावा लागे. हे गोल खेळाडूंच्या आपसांतील व्यापारात चलनासारखे वापरले जात असल्यामुळे संपूर्ण फेरमांडणी करणाऱ्यास, शंभरावर गोल वेचताना, आपली क्रयशक्तीच वेचावी लागे. २०२४ मध्ये सुवर्णनाण्यांत पॉइंट परत घेण्याचा पर्यायही खुला झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पूर्वप्रवेशास आलेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल २’ मध्ये हे शुल्क जड असल्याची तक्रार झाल्यावर त्याच महिन्यात दर उतरविण्यात आला. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘डार्क सोल्स ३’ (२०१६) मध्ये एका आवर्तनात पाचच वेळा फेरमांडणीची परवानगी आहे, तर ‘एल्डन रिंग’ (२०२२) मध्ये रेनाला हिला पराभूत केल्यानंतर, मर्यादित संख्येने मिळणारे ‘लार्व्हल टिअर’ देऊन ती साधता येते.

तिसरी पद्धत बदलास मुदत वा मर्यादा घालण्याची. ‘टॉर्चलाइट २’ (२०१२) मध्ये शेवटचे तीनच पॉइंट परत घेता येत; ताजी चूक त्यामुळे सुधारे, पण जुनी तशीच राही. ‘लास्ट एपॉक’ (२०२४) मध्ये विशेषीकृत कौशल्य केव्हाही सोडता येते. नवे कौशल्य मात्र खालच्या पातळीपासून वाढवावे लागते, आणि पात्र प्रौढ असल्यास ती वाढ त्वरेने होते. शुल्क येथे द्रव्यरूपाने नव्हे, तर अल्पकाळच्या दुर्बलतेच्या रूपाने घेतले जाते, आणि त्या काळात खेळाडू नव्या कौशल्याची ओळखही करून घेतो.

मुक्त बदल : ‘डायब्लो ३’ (२०१२) ने पॉइंटांची मांडणीच रद्द केली, गुणांक आपोआप वाढत आणि कौशल्ये विनाशुल्क बदलता येत. मात्र पूर्ण वाढ झालेल्या पात्राने मोहिमेच्या मध्येच कौशल्य बदलल्यास त्याने साठविलेला लाभ गमावण्याचा नियम आरंभी होता, कारण प्रत्येक शत्रूपुढे नवी मांडणी उभी करण्याचा मोह त्याने आवरला जाई. या मुक्ततेचा परिणाम असा झाला, की खर्च नाहीसा न होता आयुधांकडे सरकला. विशिष्ट संचांभोवती मांडणी फिरू लागली, आणि तो संच हाती नसणाऱ्यास कौशल्ये बदलण्याची मुभा नाममात्र उरली. म्हणूनच पुढील उपाय आयुधांविषयी योजावे लागले : २०१५ मध्ये दुर्मिळ वस्तूंची शक्ती काढून कायम जतन करणारा कनाईचा घन आला, आणि २०१७ मध्ये संपूर्ण मांडण्या साठवून ठेवणारे शस्त्रागार आले. ‘डायब्लो ४’ मध्येही २०२४ साली मोडलेल्या वस्तूंची विशेष शक्ती कायमच्या नोंदवहीत जमा होऊ लागली, आणि २०२५ च्या आरंभी शस्त्रागाराची सोय झाली.

ज्ञानाचा खर्च : जेथे खेळातच निवडीचे परिणाम आधी दिसण्याची सोय नसते, तेथे ती उणीव खेळाडूंनी बाहेरून भरून काढली आहे. ‘पाथ ऑफ बिल्डिंग’ या स्वतंत्र आज्ञावलीत ‘पाथ ऑफ एक्झाइल’ मधील संपूर्ण वृक्ष, रत्ने व आयुधे मांडून अपेक्षित आघात व बचाव यांचा हिशेब पात्र घडविण्यापूर्वीच करता येतो. ही साधने अमोल आहेत यात संशय नाही. परंतु फेरमांडणी महाग असेल, तर त्यांचा उपयोग शोधासाठी न होता दुसऱ्याच्या तयार मांडणीची खातरजमा करण्यापुरताच होण्याची भीती असते. खेळातील वर्णने नेमकी असणे, आकड्यांमागील सूत्रे उघड असणे आणि सरावाच्या पुतळ्यावर कौशल्य पारखता येणे, हे उपाय करण्यास सोपे असून त्यांनी कोणत्याही निवडीचे महत्त्व घटत नाही.

मतभेद व मूल्यमापन : शुल्काच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. अटळ निर्णयामुळे पात्राला व्यक्तित्व येते. नवे पात्र उभारण्यास प्रयोजन मिळते. आणि खेळाच्या अर्थव्यवस्थेतील जादा चलन शोषले जाते. यांपैकी पहिला युक्तिवाद खरोखर वजनदार आहे, पण तो पात्राच्या वर्गासारख्या मूलभूत निवडीला लागू पडतो. वर्गाच्या आतील पॉइंटांच्या तपशिलाला तो तितकासा लागू नाही. ‘सायबरपंक २०७७’ च्या सप्टेंबर २०२३ मधील २.० आवृत्तीने हा भेद ओळखून विशेष कौशल्ये केव्हाही विनाशुल्क परत घेऊ दिली आणि मूळ गुणांक मात्र एकदाच बदलू दिले. ‘लास्ट एपॉक’ ने तर २०२५ मध्ये आपली उपवर्गाची निवडही बदलण्यास खुली केली. दुसरा युक्तिवाद ज्यांना मुबलक वेळ आहे त्यांच्यापुरताच खरा आहे. तिसऱ्याचे प्रयोजन इतर अनेक मार्गांनी साधता येते. त्यासाठी जिज्ञासेवरच कर बसविणे समर्थनीय नाही.

या सर्व अनुभवावरून काही सूत्रे निघतात. आरंभीच्या लेव्हलांत फेरमांडणी विनाशुल्क असावी, कारण तेथील चूक अज्ञानाची असते. नियम बदलल्यावर सर्वांस एक पूर्ण फेरमांडणी द्यावी. शुल्क ठेवावयाचेच असेल, तर ते वारंवारतेवर ठेवावे, लेव्हलवर ठेवू नये. आणि पॉइंट मोकळे करतानाच आयुधांचाही विचार करावा, नाहीतर सवलत कागदावरच राहते. मांडणीची विविधता हीच ज्या खेळाची थोरवी आहे, त्यात ती विविधता अनुभवण्याचा अधिकार थोड्या अवकाशाच्या खेळाडूसही मिळावा, यासाठी ही तरतूद मागून दिलेली सूट म्हणून न योजता मूळ रचनेतच योजली पाहिजे.