आगकाडीपासून हाडांच्या गोळीपर्यंत : जबड्याच्या एका आजाराचा इतिहास

आजचा विषय तसा घरातलाच आहे. साठी ओलांडलेली आई किंवा मावशी दाढ काढायला जाते, आणि डेन्टिस्ट विचारतात, "हाडांच्या ठिसूळपणासाठी काही गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का?" दाढेचा आणि त्या गोळीचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं. संबंध आहे, आणि तो समजून घ्यायला आपण आधी आगकाडीच्या कारखान्यात जाऊ.

१८३० च्या दशकात युरोपात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या आल्या. कुठेही घासा, पेटणार. स्वस्त आणि सोयीच्या. पण फॉस्फरसच्या लगद्यात काड्या बुडवायच्या खोल्या वाफांनी भरलेल्या असत. १८४५ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी या कामगारांमधला एक भयंकर आजार नोंदवला. सुरुवात साध्या दाढदुखीने व्हायची. मग हिरडी सुजायची, पू यायचा, तोंडाला असह्य दुर्गंधी सुटायची, आणि शेवटी जबड्याचं हाड उघडं पडून मरायचं. अनेकांचा जबडाच कापून काढावा लागे. इंग्लंडमध्ये या आजाराला नाव पडलं 'फॉसी जॉ'.

आता बघा, उपाय माहीत नव्हता असं मुळीच नाही. लाल फॉस्फरस वापरून स्वीडनमध्ये १८५५ च्या सुमारास सुरक्षित काडेपेटी तयार होऊ लागली होती. पण ती काडी पेटीच्या बाजूवरच घासावी लागे आणि महाग पडे. गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी काडी हवी होती, आणि कारखानदाराला ती विकायची होती.

ॲनी बेझंट हे नाव आपल्याला होमरूलमुळे माहीत आहे. १९१६ मध्ये एक लीग टिळकांची, दुसरी बाईंची. पण त्याच्या २८ वर्षं आधी, जून १८८८ मध्ये, बाईंनी लंडनच्या 'द लिंक' या साप्ताहिकात ब्रायंट अँड मे या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींची कहाणी छापली. तुटपुंजी मजुरी, क्षुल्लक कारणावरून दंड, आणि फॉस्फरस असलेल्या जागेतच बसून जेवण. जुलैमध्ये सुमारे १,४०० बायका-मुली संपावर गेल्या आणि जिंकल्या. दंड रद्द झाले, जेवायला वेगळी जागा मिळाली. पांढरा फॉस्फरस मात्र कारखान्यात तसाच राहिला. जबड्याच्या आजाराचे रुग्ण सरकारला न कळवल्याबद्दल याच कंपनीला पुढे १८९८ मध्ये दंड झाला.

मग चक्रं फिरली. १८९९ मध्ये तीन तज्ज्ञांचा अहवाल आला. त्यांपैकी एक, जॉर्ज कनिंगहॅम, दंतवैद्य होते हे लक्षात ठेवा. १९०६ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय करार झाला. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला, तो १९१० च्या अखेरीस लागू झाला. हिंदुस्थानात असाच बंदी कायदा १९१३ मध्ये आला. म्हणजे लोरिन्झर यांच्या नोंदीपासून ब्रिटनमधल्या बंदीपर्यंत ६५ वर्षं गेली.

आता दुसरा धागा. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश यांच्या ध्यानात आलं की, शरीरात कॅल्शियम नको तिथे साचू न देणारा पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ असतो. पण औषध म्हणून तो टिकत नव्हता, शरीर त्याला लगेच तोडून टाकी. तेव्हा त्याच्यासारखेच, पण न तुटणारे रेणू शोधले गेले. तेच बिसफॉस्फोनेट. हे हाडाला चिकटतात आणि जुनं हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालतात. १९९५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या गोळीला ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. जगभर असंख्य स्त्रियांची खुब्याची आणि मणक्यांची मोडतोड या औषधांनी टाळली, हे आधी मान्य करू.

२००३ मध्ये मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी ३६ रुग्ण नोंदवले. दाढ काढलेली जागा भरत नाही, हाड उघडंच राहतं. पुढच्याच वर्षी रुजिएरो आणि सहकाऱ्यांनी ६३ रुग्ण मांडले. त्यांतले ५६ जण शिरेतून औषध घेणारे होते, आणि तेही मुख्यतः कॅन्सरसाठी. उरलेले ७ जण फक्त गोळ्या घेणारे. २००५ मध्ये एका लेखाने थेट विचारलं, ही एकविसाव्या शतकातली फॉसी जॉ आहे का? त्याच वर्षी अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकात इशारा आला. तिथे ६५ वर्षं, इथे दोन.

जबडाच का? कारण तिथे हाडावर हिरडीचं अगदी पातळ आवरण असतं, तोंडात जंतू भरपूर असतात, चावण्याचा ताण रोजचा असतो, आणि हाडाची झीज-भर सतत चालते. ती झीज-भर औषधाने मंदावली आणि त्यात दाढ निघाली, की जखम भरायला अडचण येते. गोळीत पांढरा फॉस्फरस नसतो, हेही सांगून ठेवतो. विष वेगळं, औषध वेगळं. पण हाड मरण्याची रीत मात्र विलक्षण सारखी.

मग या गोळ्यांवरही बंदी घालावी का? इथे आम्हाला इतिहासातला खरा फरक दिसतो. काडीच्या कारखान्यात फायदा मालकाचा आणि गिऱ्हाइकाचा होता, जबडा मात्र त्या मुलीचा जात होता. तिथे बंदी हाच न्याय होता. इथे फायदा आणि धोका दोन्ही एकाच बाईच्या शरीरात आहेत. ऑस्टिओपोरोसिससाठी बिसफॉस्फोनेट घेणाऱ्यांत हा धोका साधारण दहा हजारांत दोन ते पाच जणांना. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत तो बराच जास्त, शंभरात पाचपर्यंत. मोडलेला खुबा त्यापेक्षा कितीतरी अधिक जणींना अंथरुणाला खिळवतो. तेव्हा इथला न्याय म्हणजे तिला आधी सांगणं.

म्हणून चार गोष्टी. औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, काढायची दाढ आधीच काढा. नंतरही दातांची निगा राखा. दंतवैद्याला औषधाचं नाव आणि किती वर्षं घेताय ते सांगा. आणि घाबरून स्वतःहून औषध बंद करू नका. विशेषतः डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन. त्यानेही जबड्याचा हा त्रास होऊ शकतो, पण ते लांबवलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. दाढ काढायची असेल तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून वेळ ठरवावी.

दोन्ही शतकांत आजार आधी दिसला तो तोंडातच, दाढदुखीच्या तक्रारीतून. ती तक्रार कोणी ऐकली आणि कोणी दाबली, यावर पुढचं सगळं ठरलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.