वाड्यात वारस किती?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यांवरून पुढे जाणारा रस्ता एका गादीच्या गावाला पोचतो. त्या गादीचा मूळपुरुष दत्तक. १७०७ मध्ये पारदच्या चकमकीत पाटील सयाजी लोखंडे पडले, विधवेने पोर, राणोजी, छत्रपती शाहूंच्या पायाशी घातलं, आणि त्याचा फत्तेसिंह भोसले झाला. परक्याचं पोर पोटाशी धरून अक्कलकोटचं घराणं उभं राहिलं. पुण्याच्या पेशव्यांकडे वारस रक्ताचेच होते, आणि तेच एकमेकांच्या जिवावर उठले.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. शनिवारवाड्यात गणपती बसलेले.

सकाळ. पेशवा नारायणराव अठरा वर्षांचा. थोरल्या भावाला, माधवरावाला, थेऊरला वारून वर्षसुद्धा झालेलं नाही. गादीवर डोळा असलेला काका, रघुनाथराव ऊर्फ राघोबा, त्याच वाड्यात नजरकैदेत. वैऱ्याला अंगणातच कोंडून ठेवायचं आणि दारावर पगार थकलेले गारदी उभे करायचे, हा कारभार कुणाला सुचला कोण जाणे! गारद्यांची कुजबुज पेशव्याच्या कानी आली होती. इतिहासकार ग्रँट डफ लिहितो की पेशव्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताला सांगितलं. हरिपंतांनी ते काम जेवणानंतरवर ठेवलं.

दुपारी एकच्या सुमारास. जेवणं झालेली, पेशवा आडवा झालेला. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ यांच्यामागून गारदी पगाराचा ओरडा करत आत घुसले. वाटेत आला तो कापला गेला. गायसुद्धा सुटली नाही.

पुढची काही मिनिटं. नारायणराव उठून पळाला तो पार्वतीबाईंकडे, पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे. तिथून काकाच्या दालनात. त्याने काकाला घट्ट मिठी मारली; कैदेत ठेवा, पण जीव वाचवा. राघोबाच्या चाकराने, तुळाजी पवाराने, त्याला ओढून काढलं. चापाजी टिळेकर हा खिजमतगार धन्याच्या अंगावर आडवा पडला. सुमेरसिंगाच्या लोकांनी दोघांनाही तोडलं.

दीडच्या पुढे. अर्ध्या-पाऊण तासात अकरा माणसं गेली. सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर, दोन कुणबिणी. पेशव्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी राहिलं. चापाजीचं थोड्यांच्या. त्या दोन बायकांचं कुणाच्याच नाही.

दुपार कलताना. वाड्याचे दरवाजे बंद, बाहेर रघुनाथरावाच्या नावाची द्वाही. हिशेब सोपा वाटत होता: माधवराव निपुत्रिक गेला, नारायणराव संपला, उरला राघोबाच.

रात्र. पेशव्याच्या देहाला गुपचूप अग्नी दिला गेला.

हिशेबात एक जीव धरायचा राहिला होता. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. दिवस इतके थोडे गेलेले की बहुधा तिलाही पत्ता नसावा. डच इतिहासात असाच एक प्रसंग आहे. १० जुलै १५८४ रोजी डेल्फ्टमध्ये, तेही जेवण आटोपल्यावर, डच बंडाचा नेता असलेल्या ओरांजच्या विल्यमला जिन्यापाशी गोळी घातली, तेव्हा त्याच घरात त्याचा मुलगा फ्रेडरिक हेन्री सहा महिन्यांचाही नव्हता. पुढे तोच स्टॅडहोल्डर, म्हणजे डच प्रांतांचा प्रमुख, झाला. गादी मारायची तर पाळणेही मोजावे लागतात. दोन्हीकडच्या मारेकऱ्यांनी ते मोजले नाहीत.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत या कारभाऱ्यांनी राघोबाविरुद्ध बारभाईंचं कारस्थान रचून गंगाबाईला पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवराव जन्मला. चाळीस दिवसांच्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबा मुंबईकर इंग्रजांच्या दारी गेला, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ओढवून घेतलं.

त्याला स्वतःला गादी टिकवता आली नाही. पण १७९५ मध्ये सवाई माधवराव त्याच वाड्याच्या सज्जातून पडून एकविसाव्या वर्षी वारला, आणि वर्षभराच्या ओढाताणीनंतर वस्त्रं मिळाली ती राघोबाच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला.