धोटा आणि ग्राइंडर : कामगाराच्या सुरक्षिततेचा इतिहास

कारखान्यातील अपघाताविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा दोनच ठिकाणी. दारावरच्या फलकावर 'सुरक्षा प्रथम' असे लिहिलेले असते. अपघात झाला की अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले जाते. या दोन वाक्यांच्या मधला इतिहास सहसा कोणी सांगत नाही. दलित चळवळीने तरी तो सांगितला पाहिजे. कारण कोणत्या यंत्राजवळ कोणाला उभे करायचे, हा प्रश्न या देशात केवळ कौशल्याचा कधीच नव्हता.

मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामात, प्रवेश मिळत नसे. मजुरी तर त्याच खात्यात अधिक होती. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपण ओठाला कसा लावायचा, असा सवर्ण विणकराचा आक्षेप होता. म्हणून अस्पृश्य कामगार कमी मजुरीच्या रिंग खात्यात राहिला. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तोंडाने सूत ओढण्याची रीत सर्वांच्याच प्रकृतीला घातक होती. सुताची धूळ घशात जाई आणि एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडात जाई. परंतु चर्चा झाली ती विटाळाची. रोगाची काळजी फारशी कोणी केली नाही.

सुरक्षितता हा कामगाराचा हक्क आहे, ही भाषा आपल्याकडे कारखानदारांनी आणलेली नाही. ती सत्यशोधक परंपरेतून आली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी ही त्यातील मागणी सर्वांना ठाऊक आहे. परंतु कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, हीही मागणी त्याच अर्जात होती. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ साली. म्हणजे मागणीनंतर एकोणचाळीस वर्षांनी.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम ३० मध्ये ग्राइंडिंगचा स्वतंत्र उल्लेख होता : ज्या खोलीत ग्राइंडिंग चालते तेथे प्रत्येक यंत्राजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची कमाल मर्यादा लिहून लावली पाहिजे. कलम ३५ अन्वये जेथे कण उडून डोळ्याला इजा होण्याचा धोका आहे तेथे पडदा किंवा योग्य गॉगल पुरविणे बंधनकारक झाले. पुरविणे मालकाचे कर्तव्य होते, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी शिकवीत नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील भूमिहीन माणूस दुष्काळी कामावर खडी फोडायला बसला. हातोडीच्या घावाबरोबर चीप उडे आणि डोळ्यापुढे काहीच नसे. पुढे रेल्वे स्टेशन, चिकलठाणा आणि ऐंशीच्या दशकात वाळूज या वसाहती वाढल्या. खडी फोडणाऱ्यांची मुले त्या वसाहतींत आली, आणि हातोडीच्या जागी हातात ग्राइंडर आला. हातात धरून चालवायचा हा अँगल ग्राइंडर १९५४ साली जर्मनीत बाजारात आला होता. आज तो प्रत्येक फॅब्रिकेशन शेडमध्ये दिसतो. वेल्डरची जागा मिळायला ओळख लागते, वेळ लागतो. ग्राइंडर मात्र पहिल्याच दिवशी हेल्परच्या हाती दिला जातो. माझ्या वर्गातील काही विद्यार्थी सकाळी कॉलेजात बसतात आणि दुपारी अशा शेडमध्ये उभे राहतात. डोळ्यात गेलेला कण रुमालाच्या टोकाने काढणारा शेजारचा कामगार हाच त्यांचा डॉक्टर असतो. साचेखात्याचे दार आपल्याला विटाळासाठी बंद होते. ग्राइंडरच्या कामाला विटाळ लागत नाही, म्हणून तेथे आपल्याला कोणी अडवीत नाही.

'गॉगल दिला तरी ही माणसे घालीत नाहीत,' असे मुकादम म्हणतो. हा युक्तिवाद फार जुना आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथील चाकू-कात्री साणेवर लावणाऱ्या कामगारांविषयी एंगेल्सने १८४५ साली लिहिले. कोरड्या साणेवर काम करणारा पस्तिशीच्या पुढे क्वचित जगे. ओल्या साणेवरचा पंचेचाळिशीपर्यंत. धूळ अडविणारी साधने निघाली होती, पण ती कामगारांनीच नाकारली. धोका कमी झाला तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल, ही त्यांची भीती होती. आपल्याकडेही नगावर मजुरी ठरली की धुरकट गॉगल वेळ खातो आणि गार्ड कोपऱ्यात हात पोचू देत नाही. गार्ड काढणारा हात कामगाराचा असतो. तो काढायला लावणारा हिशेब मात्र ठेकेदाराचा असतो.

म्हणून यंत्राचे ज्ञान आपल्याकडे पाहिजे. पाच इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो; म्हणजे डिस्कची कड ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने धावते. सात इंची डिस्कची मर्यादा साधारण ८,५०० फेऱ्यांची असते. मोठ्या यंत्राची ही डिस्क गार्ड काढून लहान यंत्रावर चढविली तर तिच्यावरील ताण मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होतो, कारण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. मग ती फुटते आणि तिचे तुकडे तोंडाकडे येतात. म्हणून डिस्कवर छापलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नकोत. मधल्या कडीवरची मुदत पाहावी, तडा आहे का ते पाहावे. कटिंगच्या पातळ डिस्कने आडवे घासू नये. नवी डिस्क एक मिनिट रिकामी फिरवावी आणि तेव्हा तिच्या समोर उभे राहू नये. बाजूची मूठ लावून दोन्ही हातांनी धरावे. गळ्यातला रुमाल, सैल बाही आवरावी. डिस्क बदलताना प्लग काढलेला असावा. तेलाचा रिकामा ड्रम कधीही कापू नये. चष्म्यावर तोंडाचा पडदा, कानाला बोळे आणि नाकाला मास्क हवा.

कायदा मात्र मागे सरकला आहे. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या दहा कामगारांच्या जागेला कारखाना म्हणत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या वीस झाली आहे. लहान शेडमधला मुलगा अशा व्याख्येबाहेर पडतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्यात आग लागून आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. इतरांचे हात राखण्यासाठी ते मोजे बनवीत होते.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एक काम सहज हाती घेण्यासारखे आहे. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. ग्राइंडरने कोणाचा डोळा, कोणाचे बोट गेले. यंत्राला गार्ड होता का. गॉगल दिला होता का. भरपाई मिळाली का, हे तारखेसह लिहावे. आपली मुले वाचू-लिहू लागली आहेत, ते शिक्षण येथे उपयोगी पडावे. लोखंड्यांचा अर्ज साडेपाच हजार सह्यांनी उभा राहिला. आपल्या वहीची सुरुवात एका वस्तीपासून, पाच नोंदींनी झाली तरी चालेल.